आठ रिकामी भोकं

नव्या खेचराने तिसऱ्यांदा मागचं डावं चाक हवेत उचललं. ते तिथल्या तिथे गरगर फिरलं, रबर जळाल्याचा वास सुटला आणि पैलवानाने इंजिन बंद केलं. पैलवान म्हणजे कारखान्याच्या चाचणी विभागाचा ड्रायव्हर. फुंकर मारली तर उडेल अशी अंगकाठी, म्हणूनच हे नाव. तो खाली उतरला, लोंबकळणाऱ्या चाकाकडे कमरेवर हात ठेवून बघत राहिला आणि शेजारी वही घेऊन उभ्या असलेल्या मुलीला म्हणाला, "लिहा. खांबापाशी आल्यावर कुत्रा करतो तसा पाय वर."

तिने लिहिलं : चाक जमिनीपासून एकोणीस सेंटिमीटर वर.

मग पैलवानाने स्वागतकक्षात शोभेला ठेवलेलं जुनं खेचर बाहेर काढलं. एक्केचाळीस वर्षांची गाडी, रंग उडालेला, दारं खुळखुळणारी. कारखान्यामागच्या त्या काँक्रीटच्या चढावर एक पायरी डावीकडे तर पुढची उजवीकडे, अशी मुद्दाम बांधलेली वेडीवाकडी रचना होती. गाडीला चढताना पिळवटून निघावंच लागे. जुनं खेचर कुरकुरलं, कण्हलं, पण चारही चाकं टेकवत सरळ माथ्यावर जाऊन उभं राहिलं. पैलवान वरून हात हलवत होता. खाली मुलीचं डोकं फिरायची वेळ आली होती.

कारखान्यात तिला सगळे मोजपट्टी म्हणत. हे नाव तिच्या मामाने ठेवलेलं. लहानपणी ती दर रविवारी मामाची मिशी फूटपट्टीने मोजून वहीत आकडा टिपायची. मामा याच कारखान्यात एकतीस वर्षं रिवेट मारत होता, त्यामुळे ती पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन दीड वर्षापूर्वी चाचणी विभागात आली तेव्हा तिचं टोपणनाव तिच्याआधीच तिथे येऊन बसलं होतं.

गाडीलाही नाव असंच मिळालं होतं. कारखाना मूळचा विहिरीवरच्या पंपांचा. पंपांचा पत्रा उरायचा, तर मालकाच्या डोक्यात गाडी करायचं खूळ शिरलं. पत्रा गोलाईत दाबायचं यंत्र नव्हतं, म्हणून गाडीचं सगळं अंग सपाट झालं. पुढे लोक त्यालाच रुबाब म्हणू लागले. तळाला पाणी सोडायची बुचं होती, आतून नळीने धुवा आणि चालू पडा. चार पाने आणि एक हातोडा असला की गाडी रस्त्यातच दुरुस्त व्हायची. कागदोपत्री तिचं नाव शिखराबिखराचं, भारदस्त होतं. पण दुसऱ्याच वर्षी वीज खात्याच्या एका तारजोड्याचं पत्र आलं : "तुमची गाडी म्हणजे निव्वळ खेचर आहे. बसायला त्रास, वळवायला त्रास, ऐकत तर नाहीच. पण थांबत नाही. अजून दोन पाठवा." मालकाने पत्राला चौकट केली आणि पुढच्या वर्षापासून बॉनेटवर पत्र्याचं खेचर बसवलं. मोजणीदार, गुरांचे डॉक्टर, सुईणी, खाणीतले मुकादम, जिथे रस्ता संपतो तिथे ज्यांचं काम सुरू होतं ती सगळी माणसं तिच्यावर जीव टाकू लागली. खेचर चारही पाय टेकून चालतं, हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मामा निवृत्त झाला त्याच वर्षी जुनं खेचर बनायचं थांबलं, आणि आता दहा वर्षांनी नवं खेचर आलं होतं, ते तीन पायांवर चालत होतं. चार आठवड्यांनी जुन्या खेचरांचे मालक जमणार होते, त्यांच्यासमोर नवी गाडी याच चढावर चढवून दाखवायची होती. त्याच दिवशी जुन्या कामगारांतर्फे मामाचा सत्कार व्हायचा होता. रिवेटची बंदूक धरलेला त्याचा फोटो स्वागतकक्षात लागलासुद्धा होता. मुख्य अभियंता बाईंनी मोजपट्टीला आठ दिवस दिले होते. कारण शोधायचं, तर्क नको.

तिने दोन गाड्यांमधल्या फरकांची यादी केली. अकरा निघाले. टायर अदलाबदल करून पाहिले, चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बदलले, वजन सारखं केलं. पूर्वीचं लोखंडच वेगळं होतं हो, असं जो तो मान हलवून सांगत होता, म्हणून जुन्या चॅसीचा कीस प्रयोगशाळेत पाठवला. लोखंड अगदी साधं निघालं. दहा फरकांवर काट बसली. उरली ती चॅसी, म्हणजे ज्यावर अख्खी गाडी उभी असते तो सांगाडा. जुना रिवेटचा, नवा वेल्डिंगचा. नवा कितीतरी मजबूत. मजबूत गाडी कमी चढते, हे काही तिच्या गळी उतरेना.

रविवारी मामाकडे जेवताना तिने हे सगळं सांगितलं. उद्या जुन्या गाडीखाली शिरून चॅसीचा सांधा न् सांधा तपासणार आहे, म्हणाली. मामाचा घास हातातच राहिला.

"मधल्या आडव्या तुळईचापण?" त्याने विचारलं.

"सगळेच. का रे?"

काही नाही, म्हणत मामा उठला आणि झाडांना पाणी घालायला गेला. अहो, ताटावरून काय उठता, असं मामी मागून म्हणत राहिली. मोजपट्टीला मात्र एक जुनी गोष्ट नव्याने दिसली. खेचराचं कौतुक निघालं की मामाला नेहमी झाडांना पाणी घालायचं आठवायचं. आणि इतक्या वर्षांत तो खेचरात कधी बसला नव्हता. गुडघे दुखतात, उंच पडतं, असं काहीबाही सांगून चालत जायचा. सगळ्यांना तो त्याचा विनय वाटे.

सोमवारी ती जुन्या खेचराखाली उताणी पडली. पैलवान बॅटरी धरून बसला होता. चॅसीच्या दोन लांब तुळया पन्हळीसारख्या असतात, एक उभी भिंत आणि तिला वर-खाली दोन ओठ. आराखड्यात मधली आडवी तुळई दोन्ही टोकांना भिंतीलाही रिवेट करायची होती आणि ओठांनाही. भिंतीवरचे रिवेट जागच्या जागी होते. ओठांवर रंगाखाली नुसते गोल, गुळगुळीत डाग दिसत होते. तिने पेचकसाने खरवडलं, तर वाळलेली पुट्टी भुरभुर तिच्या चष्म्यावर पडली. आत भोक. एका टोकाला चार, दुसऱ्या टोकाला चार. कडा धारदार, हातोडीचा घाव कधीच न लागलेल्या. म्हणजे रिवेट तुटून पडले नव्हते, ते मारलेच नव्हते.

जुन्या तपासणीच्या कागदावर मात्र सगळ्या खुणा बरोबर होत्या आणि खाली रिवेटवाल्याचा क्रमांक होता : सतरा. सतरा आकड्याचा पितळी बिल्ला मामाच्या घरी किल्ल्यांच्या खिळ्याला अजून टांगलेला असे.

काय सापडलं, म्हणून पैलवानाने विचारलं. उद्या सांगते, म्हणत तिने वही मिटली. काही दिसल्यावर ते न लिहिता वही मिटायची तिची ही पहिलीच वेळ.

संध्याकाळी ती गेली तेव्हा मामा ओट्यावर तिची वाटच बघत बसला होता. किती, असं त्याने विचारलं. आठ, ती म्हणाली. मग त्याने सगळं सांगून टाकलं. चॅसी त्याच्याकडे यायची तेव्हा स्प्रिंगचे पाटे अडकवायचे लोखंडी कंस आधीच बसवलेले असत, आणि त्यांच्यामुळे ओठांपर्यंत बंदूक पोचतच नसे. मुकादमाला सांगितलं, तर तो म्हणाला, आराखडा साहेबांनी काढलाय, तू शहाणा का ते? मग खिशात पुट्टीची डबी आली. आधी दोन दिवसांपुरती, मग एकतीस वर्षं. रिवेटच्या कामावर जो नवा आला त्याला त्यानेच हे शिकवलं.

"रोज सकाळी पेपरात आधी अपघाताचं पान उघडायचो," मामा म्हणाला. "म्हटलं, आज सापडणार. आज एखादी गाडी मधोमध तुटलेली असणार."

"सापडली?"

"नाही ना. पण म्हणून काय झालं? तू बाईंना सांग. लपवू नकोस. सत्काराला तेवढा मी येत नाही."

मोजपट्टी आत गेली आणि मामीच्या नव्या चपलांचा खोका घेऊन आली. चपला काढल्या. उघडा खोका दोन हातांत धरून पिळला, तो सहज वळला. मग झाकण लावून चिकटपट्टीने पक्कं केलं आणि मामाच्या हातात दिला. त्याने रिवेटवाल्याचे ते दणकट पंजे लावून पिळून पाहिलं. खोका तसूभर हलला नाही.

"ओठ मोकळे राहिले की तुळई पीळ खाते," ती म्हणाली. "चॅसीने पीळ खाल्ला की चाक खाली पोचतं. मामा, तू झाकण लावलंच नाहीस. नव्या गाडीला आम्ही ते वेल्ड करून लावलं."

मामाने खोका पुन्हा एकदा पिळून पाहिला. मग म्हणाला, मला बरं वाटावं म्हणून बोलतेयस. ती रागावलीच. बरं वाटायला मी मोजत नाही, म्हणाली, आणि हा अजून नुसता अंदाज आहे. खरं-खोटं उद्या चढावर ठरेल. सकाळी सातला ये, आणि पाने घेऊन ये.

बाईंच्या खोलीत मंगळवारी आधी मोजपट्टी बोलली, मग मामा. बाई साठीच्या आतल्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी एवढंच विचारलं, पुट्टी कोणी भरली? मी, मामा म्हणाला. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि उठून चढाकडे चालू लागल्या.

मामाने जुन्या खेचराखाली शिरून आठही भोकांत घट्ट बोल्ट आवळले. गाडी आराखड्याप्रमाणे बनायला एक्केचाळीस वर्षं लागली, असं पैलवान पुटपुटला. मग त्याने ती चढावर घातली. दुसऱ्या पायरीवर म्हातारी अडली. मागचं डावं चाक उचललं गेलं आणि हवेत गरगरू लागलं. मोजपट्टीने माप घेतलं : सतरा सेंटिमीटर. बोल्ट काढले, गाडी कुरकुरत वर गेली. पुन्हा आवळले, पुन्हा अडली. मामाला एकदा पुरेसं वाटत होतं, पण भाचीने त्याला तीन वेळा आवळायला आणि तीन वेळा काढायला लावलं. बाई हाताची घडी घालून सगळं बघत होत्या.

पुढचे तीन दिवस मोजपट्टीने जुन्या मालकांकडच्या पाच गाड्या तपासल्या. सांध्यांवर लाल रंग लावून, पुसून, भेगा शोधल्या. भेगेत रंग शिरला की पुसल्यावरही रेघ राहते. एकही रेघ राहिली नाही. सांधा पिळाशी झगडत नव्हता, वाट देत होता, म्हणून टिकला होता. तिने अहवाल लिहिला. त्यात मामाचा क्रमांक होता, पुट्टीही होती.

बाईंनी मामाला बोलावून घेतलं.

"रिवेट मारले नाहीत ही एक गोष्ट, पुट्टी भरलीत ही दुसरी," त्या म्हणाल्या. "पहिलीने आमची गाडी घडली. दुसरीने माणसं मरू शकली असती, आणि ते तुम्हाला माहीत होतं."

"होतं," मामा म्हणाला.

"मग दोन्ही ऐकून घ्या. नव्या आराखड्यात ओठांवरचं वेल्डिंग रद्द होतंय. बदल सुचवणाऱ्याच्या रकान्यात तुमचं नाव घातलंय. आणि सत्काराच्या दिवशी ही हकिगत तुम्हीच सांगायची. पुट्टीसकट."

मामाने बाहेर येऊन घाम पुसला. तपासनीससुद्धा न बघताच खुणा करायचा, एवढं सरळ इतक्या वर्षांत कुणी बोललं नव्हतं, म्हणाला.

आणि त्याने सांगितली. ठरल्या दिवशी, चढाच्या पायथ्याशी, शंभरेक मालकांसमोर, माईक तोंडापासून हातभर लांब धरून. पुट्टीच्या डबीपर्यंत सांगून झालं. मग गुरांची एक म्हातारी डॉक्टरीण मागून म्हणाली, म्हणजे आम्ही इतकी वर्षं तुमच्या आळसावर डोंगर चढतोय होय. हशा पिकला. आळस नाही हो, बंदूक पोचत नव्हती, मामा कळवळून म्हणाला, तेव्हा तर लोक हसून हसून डोळे पुसू लागले.

ओठांवरचं वेल्डिंग न करता बांधलेलं नवं खेचर चढाच्या तोंडाशी उभं होतं. पैलवानाने शेजारचं दार उघडून धरलं. मामाने गुडघ्यांकडे एकदा बघितलं, पण या वेळी गुडघ्यांचं काही सांगितलं नाही. पाय टाकून वर चढला आणि दोन्ही हातांनी पुढची कडी पकडून बसला. गाडी पहिल्या पायरीवर गेली, दुसरीवर गेली, अंग पिळवटलं, आणि बाईंनी हात वर करताच पैलवानाने तिला तिथेच, सगळ्यांत वाकड्या जागी, उभं केलं. मोजपट्टी मागच्या डाव्या चाकापाशी गुडघ्यांवर बसली. पोलादी फूटपट्टी चाकाखाली सरकवून पाहिली. ती शिरली नाही.

मामाने खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकून विचारलं, "किती?"

"शून्य."

"नीट बघ."

तिने दुसऱ्या बाजूने पट्टी लावली. "शून्य, मामा."

मामा आत सरकून बसला. मग पैलवानाला म्हणाला, वर नेऊन आण, आणि परत इथेच थांबव. आता उजव्या बाजूचं मोजू दे तिला.