ब्राइटनरच्या पुस्तकाला खाकी कव्हर

लहू मेश्राम कुणालाही न दुखवणारा माणूस होता, आणि हा गुण त्याने मेहनतीने कमावला होता. हायडेलबर्गच्या संस्थेत तो साहेबाला एक सांगायचा, खालच्यांना दुसरं, आणि संध्याकाळी दोघेही त्याच्यावर खूश असायचे. घरी बायको आणि नागपूरहून येणारे फोन यांच्या मधेही तोच कारभार. कुणाला किती खरं वाढायचं हे त्याच्या हाताला बसलं होतं, सुगरणीच्या हाताला मीठ बसतं तसं.

तळमजल्यावरच्या कार्ल ब्राइटनर या जर्मन शेजाऱ्याकडे मात्र त्याला हे माप लागत नसे. ब्राइटनर साठीचा, एकटा. त्याच्या बैठकीच्या तीन भिंती जुन्या अमेरिकन गाड्यांच्या पुस्तकांनी आणि फिल्मच्या डब्यांनी भरलेल्या. पोरवयात तो इथल्या अमेरिकन छावणीत गाड्या धुवायचा. रविवारी तिथले सैनिक ओस पडलेल्या धावपट्टीवर ड्रॅग रेस लावायचे: दोन गाड्या शेजारी शेजारी, सरळ पाव मैल, वळण नाही, थांबायचं कसं ते नंतर बघू. लहूला या खेळाचा नाद ब्राइटनरच्याच सोफ्यावर लागला. शनिवारी दुपारी तो खाली उतरायचा आणि पडदे ओढून दोघं खरखरत्या फिल्म बघायचे. ब्राइटनर मधेच प्रोजेक्टर थांबवून दाखवायचा, हा बघ, सुटायचा झेंडा पडायच्या आधी निघाला. आता गाडी कितीही पळू दे, हा हरला. लहूला हा नियम जरा जास्तच कडक वाटायचा. वाटणारच.

ब्राइटनरची पुस्तकं उंबऱ्याबाहेर जात नसत. बघायचं तर इथे, हात धुऊन. पण २००४च्या उन्हाळ्यात त्याने आपणहून एक पुस्तक लहूच्या हातात ठेवलं. ड्रॅग रेसिंगचं जाडजूड पुस्तक, वर रंगीत कागदाचं जॅकेट, कडा झिजून फाटलेल्या. जॅकेटच्या आतल्या घडीवर डेल नावाच्या सार्जंटने मायदेशी जाताना एक ओळ लिहून सही केली होती. ब्राइटनर एवढंच म्हणाला, रविवारी परत. लहूला पदोन्नतीचं पत्र मिळाल्यासारखं झालं.

त्याच आठवड्यात लहूचे सासरे भास्करराव घरी मुक्कामाला होते. निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या सुटकेसमधून चिवडा, लोणचं आणि खाकी कागदाची गुंडाळी निघाली होती, कारण जर्मनीत खाकी कागद मिळतो यावर त्यांचा विश्वास बसला नव्हता. नातीच्या, धम्मदीपाच्या, सगळ्या वह्यापुस्तकांना त्यांनी दोन दिवसांत कव्हरं घातली. पोरीने "डांके, आजोबा" म्हणून कौतुकाने आभार मानले आणि म्हाताऱ्याला आणखी चेव आला.

लहू कामासाठी ड्युसेलडॉर्फला गेला होता. गुरुवारी संध्याकाळी परतला तेव्हा टेबलावर ब्राइटनरचं पुस्तक खाकी कव्हरात बसलेलं होतं. कोपरे दुमडलेले, मधोमध कोरं लेबल.

वरचं जॅकेट कुठाय, त्याने विचारलं.

फाटका कागद होता तो, भास्करराव म्हणाले, टाकला निळ्या डब्यात. रद्दीची गाडी सकाळीच येऊन गेली होती.

डेलची ओळ त्याच गाडीतून गेली होती. तोंडाने मात्र तो म्हणाला, "छान झालं, बाबा."

स्वयंपाकघरात बायकोने, शैलाने, त्याला धरलं. अहो, बाबांना सरळ सांगा, ते काय लहान आहेत का? पण लहूचा बेत ठरला होता. ब्राइटनरला सांगायचं, चूक माझी. बाबांना सांगायचं, ब्राइटनर खूश. एकाला मराठी येत नाही, दुसऱ्याला जर्मन. मधला पूल आपणच. दोन्ही माणसं टिकतील, कुणाचा शब्द खाली पडणार नाही.

रविवारी भास्करराव चिवड्याचा डबा घेऊन बरोबर निघाले. दुसऱ्याचं पुस्तक परत करायला रिकाम्या हाती जाऊ नये, शिवाय कव्हर घातलं कुणी?

ब्राइटनरने पुस्तक हातात घेतलं, उघडलं, खाकी घडीखाली बोट सरकवलं. मग दुसऱ्या बाजूला. लहूने जर्मनमध्ये, पाठ केल्यासारखं, सांगून टाकलं की त्याच्या हातून कॉफी सांडली, जॅकेट गेलं, म्हणून हे कव्हर.

"या," ब्राइटनर म्हणाला. जर्मन माणूस हो म्हणतो तसं, पण आवाज नसलेलं.

काय म्हणतात, भास्कररावांनी विचारलं.

"म्हणतात, असं कव्हर इथे कुणाला जमत नाही. खूश आहेत."

भास्कररावांनी उभी हयात वर्गात काढली होती. आपली वस्तू हरवलेल्या पोराचा चेहरा त्यांना कुणी भाषांतर करून सांगायची गरज नव्हती. ते ब्राइटनरकडे वळले आणि ठाशीव शाळामास्तरी इंग्रजीत म्हणाले, "सर, तुम्ही खरोखर खूश आहात का?"

इंग्रजी. लहू स्वतःचं जर्मन सुधारायच्या हौसेत हे साफ विसरला होता. ब्राइटनर छावणीत दुसरं शिकला काय होता?

"नाही," ब्राइटनर छावणीच्या इंग्रजीत म्हणाला. "पण कॉफी काय, कुणाच्याही हातून सांडते."

"कॉफी?" भास्करराव म्हणाले. "आमच्या घरात कॉफी होतच नाही."

मग त्यांनी एकदा लहूकडे पाहिलं आणि ते पुन्हा ब्राइटनरकडे वळले.

"तो कागद मी टाकला. माझ्या हातांनी." भास्करराव म्हणाले. "माझ्या वडलांना पुस्तकाला शिवू देत नसत. म्हणून आमच्याकडे पुस्तक आलं की आधी त्याला नवे कपडे. जुना कपडा फाटका दिसला, काढला. त्यावर कुणाचं काही लिहिलंय का ते बघायला हवं होतं. मी बघितलं नाही."

ब्राइटनर असू दे म्हणाला नाही, आणि भास्कररावांनी तशी अपेक्षाही केली नाही. मग ब्राइटनरने डेलबद्दल सांगितलं. डेलने त्याला एकदा आपल्या गाडीत बसवलं होतं, परत गेल्यावर वर्षभर पत्रं आली, मग बंद झाली. त्याचं अक्षर तेवढं उरलं होतं.

काय लिहिलं होतं, भास्कररावांनी विचारलं.

"'कार्ल, झेंड्याची वाट बघ. डेल.'" हे सांगताना ब्राइटनरने लहूकडे पाहिलं. रागाने नाही. फिल्म थांबवून दाखवताना पाहायचा तसं.

भास्कररावांनी पेन मागितलं. कोऱ्या लेबलावर त्यांनी ती ओळ स्वच्छ इंग्रजी अक्षरात उतरवली. सहीची नक्कल केली नाही. खाली लिहिलं: मूळ अक्षर गेले. टाकणारा, भास्कर. ब्राइटनरने ते दोनदा वाचलं आणि पुस्तक त्याच्या जागी उभं केलं. चकचकीत रांगेत ते एकटंच खाकी, नव्या शाळेत आलेल्या मुलासारखं. मग त्याने पडदे ओढले. सोफ्यावर दोघंच मावत. लहू स्वयंपाकघरातून खुर्ची घेऊन आला तोवर चिवड्याचा डबा उघडला होता आणि दोघं म्हातारे झेंडेवाल्याबद्दल काहीतरी बोलत होते. लहूला कुणी काही विचारलं नाही. पुस्तक घरी न्यायचं आहे का, असं तर मुळीच नाही.

जिना चढताना भास्करराव कठड्याला धरून थांबले.

"लहूराव, कव्हर खरंच चांगलं जमलं होतं का?"

लहूच्या जिभेवर उत्तर तयार होतं. ते तिथेच ठेवून तो एक पायरी चढला.

"डावा कोपरा जरा सैल राहिलाय, बाबा."

"हं," भास्करराव म्हणाले आणि पुन्हा चढू लागले. "मलाही तोच खटकत होता."