फुटलेलो नाही, चौकोनी आहे मी

मी हरणाबाईंच्या घोंगड्यांवरचा मेंढा बोलतोय. खरा मेंढा दहिवडीजवळ त्यांच्या मेंढरांत चरत असतो. मी त्याचं चित्र, म्हणजे लोगो. मला पाहणारा प्रत्येक जण डोळे बारीक करून म्हणतो, "फोटो फुटलाय." फुटलेलो नाही हो, मी आहेच चौकोनांचा. हे सांगून सांगून माझं डोकं उठलंय.

गेल्या वर्षी सांगलीच्या प्रदर्शनात एक गिऱ्हाईक हरणाबाईंच्या अंगावर धावून आलं. त्याच्या हातातलं घोंगडं यंत्रावरचं होतं, पहिल्याच धुण्यात विटलेलं. "तुमच्याकडूनच नेलंय," असं तो ओरडला. ते आपलं नाही हे दाखवायला बाईंकडे काही खूणच नव्हती. चारचौघांत लबाड ठरून त्या घरी आल्या आणि दोन दिवस जेवल्या नाहीत.

म्हणून त्यांची सून प्रांजल हिने मला जन्माला घातलं. जुना लॅपटॉप आणि त्यात स्वस्तातलं सॉफ्टवेअर. मेंढ्याच्या तोंडाचा फोटो तिने काळा-पांढरा केला आणि चौकोन पाडायचं बटण दाबलं. चौकोन भलतेच मोठे पडले.

"आगं, ह्यो मेंढा हाय का पाण्याची टाकी?" हरणाबाई म्हणाल्या.

बारीक केले तर इतके झाले की बाईंची बोटं झिजली असती. कारण काळ्या घोंगड्याच्या कोपऱ्यात पांढऱ्या लोकरीने मला भरायचं होतं. एक चौकोन, एक टाका. शेवटी प्रांजलने चित्र आधी नखाएवढं लहान केलं आणि मग कडा गुळगुळीत न करता मोठं केलं. आडवे चोवीस, उभे चोवीस. असा मी एकदाचा जमलो. ती डावं शिंग नीट करायला गेली, तशी बाईंनी तिला थांबवलं.

"मोडकं हाय त्येचं शिंग. ऱ्हाऊ दे तसंच."

मग गाळ्याच्या बोर्डासाठी मला फ्लेक्सच्या दुकानात पाठवलं. तिथला शिवतेज कामाला वाघ, पण सांगितलेलं ऐकेल तर शपथ.

"वहिनी, तुमचा फोटू लय फुटत हुता. म्या क्लिअर केला," म्हणत त्याने फ्लेक्स उलगडला. कडा गोल, शिंग अख्खं, वर डोळ्यात चमक सोडलेली. माझा पार हिरो करून ठेवला होता.

"आवं, ते चौकोन मुद्दाम हुते," प्रांजल म्हणाली.

"मुद्दाम कोण फोडतंय व्हय?"

दुसऱ्याच दिवशी प्रदर्शन. दोघी तोच फ्लेक्स घेऊन सांगलीला गेल्या.

समोरच्या गाळ्यात यंत्रावरच्या घोंगड्यांचा ढीग होता आणि प्रत्येकावर तोच गुळगुळीत मेंढा चिकटवलेला. प्रांजलने शिवतेजला फोन लावला. "त्येंनी मेंढा मागितला, आपला चांगला आला हुता, म्हणून दिला," तो निवांत म्हणाला. मला चीड आली. प्रांजल रडकुंडीला आली. हरणाबाईंनी फ्लेक्स उतरवला, पालथा अंथरला आणि त्यावर घोंगडी मांडली.

दुपारी गेल्या वर्षीचंच गिऱ्हाईक पुन्हा गाळ्यापुढे उभं राहिलं. "दोन्हीकडे मेंढाच. खरा कुठला?"

बाईंनी त्याचं बोट धरून घोंगड्याच्या कोपऱ्यात भरलेल्या माझ्या शिंगांवर ठेवलं. "मोजा. उजवीकडं धा टाकं, डावीकडं चार. आमचा मेंढा मोडक्या शिंगाचा हाय. त्येंचा कुटं चरतुया, इचारा त्यास्नी."

त्याने मोजलं. समोर जाऊन विचारलंसुद्धा. तिथे मेंढाच नव्हता, आणि गेल्या वर्षीचं घोंगडंही तिथलंच निघालं. परत आला तेव्हा त्याची मान खाली होती. "चुकलो मावशी, गेल्या वर्षीपासून चुकलो," म्हणाला आणि एक घोंगडं घेऊन गेला. बाईंनी पदराने डोळे टिपले आणि त्या दिवशी पोटभर जेवल्या.

आता मी कोपऱ्याकोपऱ्यांत सुखात आहे, असं म्हणणार होतो. पण काल शिवतेजचा फोन आला. चूक कळली म्हणे त्याला. भरपाई म्हणून माझं शिंग फुकटात जोडून देतोय.

हात जोडतो, कुणीतरी त्याच्या हातातून तो माऊस काढून घ्या.