एकही गोळी न चुकवता

मल्हाररावांच्या गोळीपुढे अंबुबाई देवाचंही काही चालू देत नसत. हृदयाचे ठोके बिघडलेत, रक्ताची गुठळी मेंदूत गेली तर संपलंच, म्हणून रक्त पातळ करायची ती गोळी. देताना डॉक्टरांनी कानडीत बजावलं होतं, "बिडबेडी", सोडू नका. झालं, बाईंनी त्या शब्दाची मनाशी खूणगाठ बांधली. सकाळी गोळी, संध्याकाळी गोळी, आणि नवरा कुरकुरला की दटावणी.

मग नंजनगूडच्या लग्नात जेवून आले आणि जुलाब-उलट्यांनी मल्हारराव पार आडवे झाले. पोटात घोटभर पाणी ठरेना, लघवी जवळजवळ बंद. गोळी मात्र चालू. उलटून पडली तर बाई दुसरी देत. दुसरं काय करणार बिचाऱ्या? त्यांना सांगितलं होतं तेवढंच.

हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, शौचाला डांबरासारखं काळं झालं, तेव्हा कुठे बोगादीच्या घरून रिक्षात घालून त्यांना इस्पितळात आणलं.

तिथले डॉक्टर नरसिंह खुर्ची ओढून बाईंसमोर बसले. "हे औषध मूत्रपिंडांतून बाहेर पडतं, अम्मा. शुगरनं ती आधीच थकलेली. अंगातलं पाणी गेलं आणि ती बसलीच. जुनं औषध बाहेर जाईना, वर नवं येत राहिलं. आजारपणात एखादी गोळी चुकली का?"

"छे हो, एकपण नाही," अंबुबाई सवयीने ताठ होऊन म्हणाल्या. डॉक्टरांनी मान खाली घालून ते कागदावर लिहून घेतलं. त्यावरून बाईंना कळलं, चुकली असती तरच बरं होतं.

औषधाचा उतारा बेंगळुरूहून मागवला होता. तोवर डायलिसिसने औषध काढायचं, पण त्यासाठी मानेच्या शिरेत नळी घालायची, आणि तिथलंच रक्त थांबलं नाही तर? डॉक्टरांनाही सांगता येईना. बाई "घाला" म्हणाल्या. नाही म्हणून तरी काय करणार होत्या?

दिवेलागणीला, मानेत नळी घातलेल्या मल्हाररावांनी डोळे उघडले. तोंडातला कापसाचा बोळा लाल झाला होता. "अंबू, गोळी राहिली बघ," म्हणत त्यांनी आ केला.

"दिली की मघाशी." बाई खोटं बोलल्या.

"मी विसरेन, तू नाही विसरायचीस," ते म्हणाले आणि निर्धास्त डोळे मिटले.

अंबुबाईंनी त्यांच्या तोंडातला लाल बोळा बदलला. रडायलासुद्धा त्यांना तोंड उरलं नव्हतं.