चपट्या गुंडाळीच्या तारा

बेस गिटार वाजवणाऱ्याचं दुःख दुसऱ्या बेस गिटारवाल्यालाच कळतं. ढोलकवाल्याकडे बाया-पोरं टक लावून बघतात, पेटीवाल्याला हार मिळतो, गाणाऱ्यांचं तर विचारूच नका. हा आपला कोपऱ्यात उभा राहून चार जाड तारा ओढत असतो, आणि कार्यक्रम संपल्यावर कुणीतरी येऊन विचारतं, "तुम्ही माइकवाले का?" सूर्यभानला हा प्रश्न इतक्या वेळा ऐकावा लागला होता की एकदा वैतागून तो "हौ" म्हणून बसला. मग त्याला खांबावरचे दोन भोंगे उतरवून द्यावे लागले.

सूर्यभान राहायला तारनाक्याला आणि नोकरीला पाटबंधारे खात्यात. त्या वर्षी राज्याचे दोन तुकडे व्हायचे होते. ऑफिसातल्या कपाटांवर, पंख्यांवर, खुर्च्यांवर खडूच्या खुणा पडल्या होत्या; ही तेलंगणाची, ती आंध्राची. जो तो 'शेवटचं' हा शब्द तोंडात घेऊन फिरत होता. सूर्यभान ज्या भीमगीतांच्या गायन पार्टीत वाजवायचा तिचे प्रमुख तातेराव, म्हणजे त्याचे काका, तेही मागे राहिले नाहीत. एप्रिलमधली भीमजयंती ही एकत्र राज्यातली शेवटची, तेव्हा यंदा गौलीगुड्यातला कार्यक्रम रेकॉर्ड करायचा, असं त्यांनी जाहीर केलं.

रेकॉर्डिंग म्हटल्यावर सूर्यभानच्या डोक्यात किडा वळवळू लागला. त्याच्या गिटारवरच्या तारा जुन्या, घामानं काळ्या पडलेल्या. आवाज कसा, तर शेजारच्या घरात कुणी गादी झोडपतंय तसा. निदान या वेळी तरी आपण ऐकू यावं, एवढीच त्याची हाव होती. तो सिकंदराबादला गफूरभाईंच्या दुकानात गेला.

"चमक होना," सूर्यभान म्हणाला.

"तो ये लेव." गफूरभाईंनी स्टीलच्या तारांचं पाकीट पुढे केलं. "गोल गुंडाळी. एक एक सुर अलग दिखता."

घरी आल्या आल्या त्यानं जुन्या तारा पकडीनं कापून फेकून दिल्या. नव्या चढवल्या, आवाज मोठा करणाऱ्या अँपवरचं खर्जाचं बटण उतरवलं, वरच्या सुरांचं चढवलं. आवाज लखलखीत निघाला. बायको मालन स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघून गेली, यातच सगळं आलं.

तालमीत तर कहरच झाला. पेटीवाले भिवाजीदादा, जे सहसा फक्त स्वतःचं कौतुक करतात, तेसुद्धा "वा रे वा, सूर्यभान!" म्हणाले. ढोलकवाल्यानं मान डोलावली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सूर्यभानला आपण पार्टीत आहोत असं वाटलं. तो मनातून फुलून गेला.

आणि त्याच तालमीत कोंडाबाईंचा सूर सुटला.

कोंडाबाई म्हणजे तातेरावांची थोरली बहीण, सूर्यभानची आत्या. पार्टीचा खरा आवाज तिचा. नांदेडकडून लग्न होऊन या शहरात आली, भर सभेत माइकशिवाय गायली, आणि ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आणलं. त्या दिवशी मात्र ती अंतऱ्याला चढली ती भलत्याच पट्टीत. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. ती इकडेतिकडे बघत राहिली. दुसऱ्या तालमीलाही तसंच झालं, तेव्हा तातेरावांनी सूर्यभानला बाजूला घेतलं.

"अक्काचं वय झालं रे. रेकॉर्डिंगात हसं होईल. तिनं स्टेजवर बसावं, सत्कार घ्यावा, गाऊ नये. तू तिचा लाडका. तूच सांग."

हे असलं काम नेमकं लाडक्यांच्याच गळ्यात पडतं. सूर्यभान गिटार खांद्यावर टाकून आत्याच्या घरी गेला. रस्ताभर त्यानं वाक्यं जुळवली, आणि दारात तिला बघताच ती सगळी विसरला.

"आलास? बस. आन् वाजव जरा," आत्या पलंगावर सरकत म्हणाली. "घरी जमतंय का बघते."

अँप नव्हता. विजेची गिटार नुसती वाजवली तर डासासारखी कुरकुरते. म्हणून त्यानं गिटारचं टोक पलंगाच्या लाकडी पाटीला टेकवलं. लाकडाला टेकवली की खालचे सूर लाकडात उतरतात, हे त्याला सवयीनं माहीत होतं. त्यानं षड्ज छेडला. आत्यानं तळहात पलंगावर ठेवला, डोळे मिटले आणि गायला लागली. अंतरा आला. सूर्यभानचा जीव वर-खाली झाला. आत्या मात्र सरळ चढली आणि जिथं पोचायचं तिथं बरोबर पोचली. तिनं पुन्हा गायलं, पुन्हा बरोबर.

सूर्यभान थांबला. आत्याचे डोळे अजून मिटलेलेच होते. "आत्या, पाणी देतीस?" तो नेहमीच्या आवाजात म्हणाला. ती हलली नाही. त्यानं तिच्या हाताला हात लावला, तेव्हा तिनं डोळे उघडले आणि त्याच्या ओठांकडे बघितलं.

"तुला ऐकू येत नाही, आत्या?" त्यानं सावकाश विचारलं.

तिनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "पाच-सहा वर्सं झाली. पेटी तर कानात येतच न्हाई. तुझं ते खालचं धूम येतं, हितं छातीत. त्याच्यावर पाय ठेवून गायलेय मी. आता नुसती भांडी पडल्यावानी वाजायलंय, पाय ठेवायला जागाच न्हाई."

"मग सांगायचं नाही का?"

"काय सांगू? ताते म्हणला असता, बहिरीला कशाला गायला लावता. आन् परवा समदे तुला वा वा म्हणायलते, सुर्या. पहिल्यांदाच. मी कोणत्या तोंडानं म्हणू, काढ त्या तारा?"

सूर्यभानला मागचं आठवलं. मागे एकदा, ढोलक असताना हे धूड कशाला, म्हणून तातेराव त्याला पार्टीतून काढायला निघाले होते. तेव्हा आत्या अडून बसली होती: सुर्या नसेल तर मीही नाही. आपण आत्याच्या वशिल्यावर उभे आहोत, ही सल त्यानं तेव्हापासून बाळगली होती. आणि ही बाई त्याच्या सुरावर उभी होती! पार्टीतला सगळ्यात मोठा आवाज, आणि तो ऐकत होता फक्त त्याला. सूर्यभान तिच्या पाया पडला. डोळे पुसले आणि तातेरावांचा निरोप न देताच निघाला.

घरी त्यानं खर्जाचं बटण चढवून पाहिलं. धूम आलं, पण झणझणाट काही जाईना. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गफूरभाईंच्या पुढ्यात उभा.

"पिछले हफ्ते चमक होना बोले, अब बुझा हुआ होना?" गफूरभाई हसले. त्यांनी आतून दुसरं पाकीट आणलं. या तारांवर पट्टीसारखी सपाट गुंडाळी होती, बोट फिरवलं तर काचेसारखी गुळगुळीत. "ये चपटे. नीचे नीचे बोलते. पर सोच लेव, सुनने वालों को पता बी नै चलता कौन बजा रा."

"वोइच होना," सूर्यभान म्हणाला.

जयंतीच्या संध्याकाळी त्यानं तातेरावांना हात जोडले. पहिलं गाणं आत्याला द्या. नाही जमलं तर मी परत काही मागणार नाही. निवडणुकीच्या आचारसंहितेमुळे दहाला माइक बंद करायचा होता, त्यामुळे वाद घालायला वेळच नव्हता. तातेराव कपाळाला आठ्या घालून हो म्हणाले.

सूर्यभाननं आपला अँप कोपऱ्यातून ओढून आत्याच्या पाठीमागे स्टेजच्या फळीवर आणला आणि तिच्या शेजारी उभा राहिला. आत्यानं चपला काढल्या. त्यानं षड्ज दिला. फळी हलकीच थरथरली, आत्यानं मान हलवली आणि सूर लावला. अंतऱ्याला ती चढली तेव्हा समोरचं मैदान गप्प झालं, आणि उतरली तेव्हा टाळ्या थांबेनात. दहाला पाच मिनिटं उरेपर्यंत तिनं एकामागून एक गाणी म्हटली.

शेवटी तातेरावांनी भिवाजीदादांच्या गळ्यात हार घातला. "पेटीनं अक्काला सांभाळलं!"

"मी पट्टी अर्ध्या सुरानं उतरवली ना," भिवाजीदादा हार नीट करत म्हणाले. "अनुभव लागतो."

"आणि तुझ्या नव्या तारांना काय झालं रे?" तातेराव सूर्यभानकडे वळले. "आज तू ऐकूच आला नाहीस."

"आज पेटी भारीच होती, काका," सूर्यभान म्हणाला. त्याला इतका आनंद झाला होता की भिवाजीदादांना आणखी दोन हार घालायलाही तो तयार होता.

माइक बंद व्हायच्या आत तातेरावांनी घाईघाईनं सांगितलं की राज्य कोणतंही असो, पुढच्या जयंतीलाही अक्काच गाणार. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. आत्या त्या हलणाऱ्या हातांकडे बघत राहिली आणि मग तिनं सूर्यभानची बाही ओढली.

"काय म्हणायलेत रे?"

त्यानं तिच्यासमोर येऊन, तिला ओठ दिसतील असं, सावकाश सांगितलं, "पुढच्या वर्षीबी तूच गायचीस म्हणायलेत."

"आन् तू?"

"मी हायेच की, आत्या. तुझ्या शेजारी."