काचेवरचा आकडा

माझं आणि माझ्या साडूचं कुठल्याच बाबतीत पटत नाही. हे आमच्या बायकांना, म्हणजे दोघी सख्ख्या बहिणींना, पक्कं ठाऊक असल्यामुळे त्या कुठेही गेलं तरी आम्हाला शेजारी शेजारी बसवतात. निदान तिसऱ्या कोणाला त्रास नको. रविवारी ड्रॅग रेसच्या मैदानावरही तिसऱ्या रांगेत आमच्या दोन जागा ठरलेल्या आहेत.

मी घड्याळं दुरुस्त करतो. साडू दुकानांच्या पाट्या रंगवतो. माझ्या धंद्यात खरं काय ते आत असतं आणि झाकण लावलं की कोणाला दिसत नाही. त्याच्या धंद्यात आत काय आहे याची चौकशीच कोणी करत नाही. बाकीचे सगळे वाद यातूनच निघतात.

साडूची मुलगी, माझी भाची, बस डेपोत मेकॅनिक आहे आणि रविवारी रेसमध्ये गाडी चालवते. सरळ रस्ता, पाव मैल, दोन गाड्या, हिरवा दिवा लागला की सुटायचं. पण आमच्या गटात एक गंमत आहे. आपली गाडी किती सेकंदांत पोचेल, तो आकडा प्रत्येकाने आधी काचेवर लिहायचा. दोन आकड्यांत जेवढा फरक, तेवढा वेळ हळू गाडीला आधी सोडतात, म्हणजे जुन्या गाडीलाही संधी मिळते. आणि कोणी लबाडीने जास्तीचा आकडा लिहू नये म्हणून नियम असा, की लिहिलेल्या आकड्यापेक्षा लवकर पोचलात तर बाद. आपल्याला आपली गाडी किती ओळखता येते, याची ही परीक्षा आहे. सगळ्या खेळांत मला हाच एक प्रामाणिक वाटतो.

आमच्या गाडीचा आकडा पहिल्या दिवसापासून मी लिहीत आलो. सकाळच्या सरावाच्या वेळा वहीत टिपायच्या, ऊन बघायचं, वारा बघायचा, आणि गाडी रांगेत उभी राहिली की बुटाच्या पांढऱ्या पॉलिशने पुढच्या काचेवर आकडा काढायचा. भाची हेल्मेटमधून विचारायची, "काका, नक्की?" मी म्हणायचो, "नक्की." एवढंच आमचं बोलणं. पण त्या एका शब्दासाठी मी आठवडाभर दुसऱ्यांची घड्याळं उघडून बसायचो, असं म्हटलं तरी चालेल.

मग गादीवाला आला.

त्याचा गाद्यांचा कारखाना आहे. त्याला साडूनेच गाठलं. ठरलं ते असं, की गादीवाला टायरचा आणि पेट्रोलचा खर्च देणार, आणि त्याबदल्यात गाडीच्या टपावर चार फूट रुंद, दीड फूट उंच फळी उभी राहणार. फळी साडूने स्वतः रंगवली. निळ्यावर पिवळी अक्षरं, 'पाठ टेकली की झोप', खाली फोन नंबर.

"ही रेसची गाडी आहे का टेम्पो?" मी विचारलं.

"टायर कोण देणार? तुमची तत्त्वं?" साडू म्हणाला. "तत्त्वांना चांगली पकड असती तर तीच लावली असती."

"खेळ खेळासारखा असावा."

"बरोबर आहे. दहा रुपयांचं तिकीट काढून नाकाने कांदे सोलायला काही खर्च येत नाही."

हा वाद दोन महिने चालला. मागच्या रांगेतली एक निवृत्त बाई माझ्या बाजूने होती, पण तिला कमी ऐकू यायचं, त्यामुळे ती नक्की कशाच्या बाजूने होती हे सांगता येत नाही. भाची वादात पडायची नाही. एकदा गादीवाला हातात थंड पेयाची बाटली घेऊन थेट गाडीपाशी आला आणि बॉनेटवर हात ठेवून फोटो काढून घेऊ लागला. तेव्हा मी त्याला सांगितलं, "स्पॉन्सरने स्टँडमध्ये बसायचं असतं." तो मुकाट्याने गेला. माणूस वाईट नव्हता, हे मला आता कबूल करावं लागतं.

हंगामाचा शेवटचा रविवार आला आणि आमची गाडी अंतिम शर्यतीत पोचली. त्या दिवशी काय पणाला लागलं होतं, ते सगळ्यांना माहीत होतं. जिंकली तर गादीवाला पुढचं अख्खं वर्ष गाडी चालवायला पैसे देणार होता. हरली तर भाची गाडी विकणार होती. तिने ते आदल्या आठवड्यात जेवताना सांगितलं होतं, आवाज न चढवता, आणि मग ताट उचलून आत गेली होती. तिची आई त्यानंतर जेवली नाही.

सकाळच्या तीन फेऱ्या चौदा-एकवीस, म्हणजे चौदा सेकंद आणि एकवीस शतांश, मग चौदा-बावीस, चौदा-एकवीस अशा झाल्या. मी आकडा काढला, चौदा-वीस. भाची आत पट्टे बांधून बसली होती. "काका, नक्की?" "नक्की."

एवढ्यात कर्ण्यावरून निवेदकाने पुकारा केला. उजव्या बाजूला लाल गाडीतला दंतवैद्य, त्याचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव, त्याच्या मागच्या चार विजयांची यादी. आणि मग म्हणाला, "डाव्या बाजूला, गाद्यांची गाडी."

बस. एवढंच. गाद्यांची गाडी.

सहा वर्षं ती पोरगी डेपोतून आल्यावर हाताचं ग्रीस न धुता त्या इंजिनाखाली झोपत होती. झोपत होती म्हणजे काम करत होती, गादी नव्हती. माझं डोकं फिरलं. फळी चार नटांवर होती, चारही हाताने सुटणारे. मी गाडीच्या मागे गेलो, नट काढले, फळी उतरवली आणि कठड्याला टेकवून ठेवली. भाचीला आतून टप दिसत नाही. मी फळी हातावर तोलून बघितली होती. जेमतेम दीड किलो. दीड किलोने काय होतंय, असा मी हिशेब केला. फळी वारा किती अडवते, हे मनात आलंच नाही; घड्याळात वारा नसतो.

मी जागेवर पोचलो तोच दिवा हिरवा झाला. आमची गाडी अशी सुटली की मागच्या रांगेतली बाईसुद्धा उठून उभी राहिली. दंतवैद्याच्या चांगली गाडीभर पुढे भाचीने रेघ ओलांडली. मी ओरडलो. आयुष्यात मी दोनदाच ओरडलोय, एकदा बोटात स्प्रिंग घुसली तेव्हा. साडूने मला मिठी मारली. मी त्यालाही मारली.

मग फलकावर वेळ आली. चौदा-शून्य-सात. काचेवरच्या चौदा-वीसपेक्षा लवकर.

विजयाचा दिवा दंतवैद्याच्या बाजूला लागला.

साडूने फलकाकडे पाहिलं, मग लांबवर थांबलेल्या गाडीच्या मोकळ्या टपाकडे पाहिलं, मग कठड्याकडे. त्याची निळी-पिवळी अक्षरं तिथे उन्हात टेकून उभी होती. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तो माझ्याशी भांडला नाही, आणि मला ते सहन झालं नाही. गादीवाला एवढंच म्हणाला, "अहो, फळीच नव्हती तर मी पैसे कशाचे द्यायचे?"

भाची आठ दिवसांनी दुकानात आली. मी भिंग डोळ्याला लावून एका घड्याळाकडे बघत होतो. त्या घड्याळाला काहीही झालेलं नव्हतं.

"का काढलीत, काका?"

"तुझं नाव घेतलं नाही त्यांनी."

ती स्टुलावर बसली. "मला गाडी चालवायची होती," ती म्हणाली. "नाव काय, घरी सगळेच घेतात." मग तिचे डोळे भरले, आणि ते मला दिसू नयेत म्हणून ती भिंतीवरची घड्याळं बघत बसली. सगळ्यांत वेगवेगळी वेळ होती. मी तिला माफ कर म्हणालो. ती "हं" म्हणाली.

दुकानात मी स्वतःसाठी ठेवलेलं एक जुनं लंबकाचं घड्याळ होतं. दुरुस्त करायला मला चार वर्षं लागली होती. ते विकलं. बायकोने विचारलं, भिंतीवरचा डाग कसला? मी म्हटलं, रिकाम्या जागेचा. गाडी अजून विकली गेली नव्हती. ते पैसे घेऊन साडूकडे गेलो आणि म्हटलं, नवी फळी रंगव. 'घड्याळ दुरुस्ती', खाली दुकानाचा पत्ता.

"अक्षरं केवढी काढू?" त्याने विचारलं.

"दिसतील एवढी."

साडूने न हसण्याचे बरेच कष्ट घेतले. फळीवर खाली जागा उरली होती, तिथे त्याने न विचारता भाचीचं नाव घातलं. ते मात्र माझ्या दुकानाच्या नावापेक्षा मोठं आलं, आणि त्यावरून आमचा वाद झाला नाही.

नव्या हंगामाच्या पहिल्या रविवारी फळी टपावर चढली, चार नट, आणि वर साडूने तारही गुंडाळली. सरावाच्या तीन फेऱ्या मी वहीत टिपल्या. गाडी रांगेत लागली. मी सवयीने खिशातून पॉलिशची बाटली काढली आणि काचेपाशी गेलो.

भाचीने खिडकीतून हात बाहेर काढला. "द्या इकडे, काका."

मी बाटली दिली. ती पट्टे सोडून उतरली आणि काचेवर वाकली.

"वही दाखवू?" मी विचारलं.

"मी टिपल्यात," ती म्हणाली. रागाने नाही, अगदी नेहमीसारखी. "तुम्ही आता स्पॉन्सर आहात ना? स्पॉन्सरने स्टँडमध्ये बसायचं असतं."

मी तिसऱ्या रांगेत जाऊन साडूशेजारी बसलो. त्याने सरकून जागा दिली. फळीवरची अक्षरं तिथूनही स्वच्छ वाचता येत होती. काचेवर तिने कोणता आकडा लिहिलाय, तो मात्र दिसत नव्हता.