फोटोत काहीच नाही

माझं असंच, उचलली जीभ लावली टाळ्याला. तीन वर्षं मी दीपेशला, माझ्या धाकट्या भावाला, एकच सांगत आले: "तुला आवाज ऐकू येतात ते कोन बोलत नाय रे. तुझ्या मेंदूतला बिघाड हाय. एक दिवस फोटो काढून दाखवते तुला."

त्या एका बोलावर तो गोळ्या घ्यायचा. गोळीनं जीभ जड व्हायची, हात थरथरायचे, लावणीला मुठीतून भाताची रोपं गळायची. तरी घ्यायचा. आवाज त्याला विहिरीवर बोलवायचे, की तो मला विचारायचा, "ताई, मेंदूच ना?" मी म्हणायची, "मेंदूच." आमच्या किन्हवली गावातल्या निम्म्या लोकांनी भगताकडे न्यायला सांगितलं. त्या सगळ्यांशी मी भांडले.

२००४ साली मुंबईच्या एका इस्पितळात या आजाराच्या रुग्णांचे मेंदू तपासायचं संशोधन चालू होतं. दीपेशच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. तुलनेसाठी निरोगी भावंडही हवं होतं, म्हणून मीही त्या मशीनच्या नळकांड्यात शिरले. कानाशी खडखडाट चालला होता आणि मला वाटत होतं, आता जिंकले.

संशोधन करणाऱ्या डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांच्या फिल्म उजेडावर लावल्या. मी विचारलं, "बिघाड कुठाय?"

"नम्रता, तो असा दिसत नाही," त्या म्हणाल्या. "एकेकट्याचा फोटो बहुतेक वेळा नॉर्मलच येतो. पुष्कळ जणांची मापं एकत्र केली की फरक कळतो. कुठे मेंदूतली पोकळी जराशी मोठी, कुठे एखादं रसायन कमीजास्त. आजार खरा आहे. गोळ्या बंद करू नका."

बाई चांगल्या होत्या. पण दीपेशनं त्यातला 'नॉर्मल' तेवढा ऐकला. तो दोन्ही फिल्म आलटून पालटून बघत राहिला. मला माझाच संताप आला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

किन्हवलीच्या एसटीत मी त्याला पुन्हा समजावलं. पुष्कळ माणसं, मापं, रसायन. बोलता बोलता माझं मलाच पटेना. तो मान डोलवत होता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

घरी आईनं ताट वाढलं. मी त्याच्यापुढे गोळी ठेवली. त्यानं ती हळूच माझ्याकडे सरकवली. चिडला नव्हता. उलट माझीच कीव आल्यासारखा बोलला.

"तू खोटं नाय बोललीस, ताई. तुला ठावं नव्हतं. पन आज आपन दोघांनी बघितलं ना? मेंदूत कोन नाय."

"मंग?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"मंग ते बाहेरच हायेत. इतकी वर्षं विहिरीवर बोलवतात, जाया पायजे."

तो भरल्या ताटावरून उठला. मी धावत जाऊन दाराला पाठ लावली. तो समोर उभा राहून माझ्या तोंडाकडे बघत होता, नेहमीसारखं मी काहीतरी सांगेन म्हणून. मी मागे हात नेऊन दाराची कडी लावली.