सूनबाईंचे सहा बेडूक

घड्याळजींच्या घरी सून आली ती दोन बॅगा आणि एक काचेची टाकी घेऊन. बॅगा हमालाने आणल्या. टाकीला मात्र तिने त्याला हात लावू दिला नाही; एक बाजू तिने, दुसरी नवऱ्याने धरून धापा टाकत तीन जिने चढवली. शिवाय तिच्या खांद्याला एक डबा लटकत होता. तो टेबलावर ठेवून तिने झाकण उघडलं. आत ओल्या शेवाळात अंगठ्याएवढे सहा बेडूक बसले होते. काळेकुळकुळीत अंग आणि त्यावर पिवळेधमक पट्टे.

"आई, जात विषारी आहे, पण यांच्यात विष नाही," ती घाईघाईने म्हणाली. "रानात त्या ठरावीक मुंग्या न्‌ किडे खाऊन विष अंगात साठतं. हे घरात जन्मलेत. घरचंच खाऊन वाढलेत."

"म्हणजे घराणं वाईट, पण वळण चांगलं," सासूबाई म्हणाल्या. "ठेवा तुम्हाला हवं तिथे."

ते 'तुम्हाला' घड्याळजींच्या कानाला खटकलं. त्यांची बायको माणूस आवडलं की पहिल्या चहालाच अगंतुगंवर यायची. सुनेला मात्र महिने उलटले तरी 'तुम्ही' आणि 'सूनबाई'. सून पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत पाणी तपासायची. सकाळी लवकर जायची, आल्या आल्या टाकीत पाणी फवारायची आणि मग स्वयंपाकघराच्या दारात 'मी काही करू का' म्हणत उभी राहायची. 'बसा तुम्ही, दमला असाल,' असं उत्तर यायचं. इतक्या मायेच्या वाक्यात इतका गारठा असू शकतो, हे घड्याळजींना तोवर ठाऊक नव्हतं.

बेडकांच्या खाण्याचं प्रकरण वेगळंच होतं. त्यांना लागायच्या बारीक, उडता न येणाऱ्या फळमाश्या. कुस्करलेल्या केळ्यावर त्या बाटल्यांत वाढायच्या. एकदा एका बाटलीचं झाकण सैल राहिलं आणि सगळा लवाजमा चालत चालत स्वयंपाकघरात पोचला. सासूबाईंनी आरडाओरडा केला नाही. दुधाचं पातेलं उचलून सुनेपुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "तुमच्याकडची मंडळी आलीत." घड्याळजींना हसू आवरेना, म्हणून ते खोकत खोकत दुकानात निघून गेले.

खरं तर त्यांना त्या टाकीची चटक लागली होती. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या स्प्रिंगा बसवलेला माणूस तो. बारीक जीव बघायला त्यांच्याइतका तयार डोळा दुसरा कुणाचा असणार? माश्या कॅल्शियमच्या भुकटीत घोळवून टाकीत सोडायचं काम त्यांनी आपणहून घेतलं. नर गळा फुगवून शीळ घालायचा, लांबलचक, थरथरती, पाखरासारखी. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाला ते सांगायचे, "आमच्याकडे बेडूक गातो." गिऱ्हाईक घड्याळ घेऊन जरा लवकरच निघायचं.

दुसऱ्या उन्हाळ्यात सून तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला परगावी गेली. मुलगा फिरतीवर होता. जाताना तिने बजावलं होतं, "बाबा, टाकीतला काटा तिसाच्या वर जाऊ देऊ नका. उष्णता यांना सोसत नाही." दुसऱ्याच दिवशी सकाळी वीज गेली. कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर जळाला होता. अंगाची लाही लाही करणारं ऊन. घड्याळजींच्या हातात नेमकं एक उघडं घड्याळ होतं. टाकीची आठवण झाली तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. दुकान तसंच टाकून ते जिने चढून वर आले.

टाकी रिकामी होती. बायको हाक मारूनही ओ देईना. शेवटी न्हाणीघराचं दार ढकललं, तर ती ओल्या फरशीवर फतकल मारून बसलेली. पुढ्यात तो डबा, त्याच्या चहूबाजूंनी ओली फडकी आणि शेजारणीकडून आणलेली गोठवलेल्या मटारची पिशवी. हातातल्या वर्तमानपत्राने ती वारा घालत होती.

"तू पकडलेस? हातांनी?"

"मग काय पायांनी?"

"अगं, भीती नाही वाटली?"

"वाटली ना! पण पहिला एक उलटा पडला होता, मग भीत बसायला वेळ कुठे होता? हात दहा वेळा धुतलेत, विचारू नका." आणि एकदम तिने वारा घालणं थांबवलं. "अहो, एक गेला. मी उशिरा बघितलं. आता पोर काय म्हणेल? एवढ्या विश्वासाने ठेवून गेली. आधीच मी तिला..." वाक्य अर्धंच टाकून ती पुन्हा वारा घालू लागली. घड्याळजी तिच्याशेजारी फरशीवर बसले. हात दुखले की वर्तमानपत्र एकमेकांकडे द्यायचं, असं करत दोघांनी दुपार काढली. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती. इतका वेळ एके जागी बोलत ते कधी बसले नव्हते. चारच्या सुमारास वीज आली.

सून दुसऱ्या दिवशी आली. सासूबाई दारातच उभ्या होत्या.

"सूनबाई, तुमचा एक बेडूक गेला. माझ्या हातून."

सुनेने टाकीत वाकून पाहिलं. मग शेजारणीने जिन्यातच सांगितलेली सगळी हकीकत तिच्या चेहऱ्यावर उमटली. "आई, पाच वाचले," एवढंच ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

"अगं, रडतेस काय वेडे," सासूबाई म्हणाल्या. "चल आत, तोंड धू."

त्या दिवसापासून 'तुम्ही' गेलं ते गेलंच.

पुढच्या वर्षी टाकीत आडोशाला ठेवलेल्या करवंटीखाली अंडी झाली. मग एके सकाळी नर पाठीवर शेपटीवालं इवलंसं पिल्लू घेऊन पाण्याकडे निघालेला सासूबाईंना दिसला. त्यांनी भिंगासकट नवऱ्याला ओढून आणलं. "बघा! बाप म्हणतात तो असा. तुम्ही पोराला कधी कडेवर तरी घेतलंत का?" घड्याळजींनी भिंग काचेच्या आणखी जवळ नेलं. सून मात्र पोट धरधरून हसली, आणि मग दोघी सासवा-सुना तासभर टाकीपुढे बसून कुजबुजत राहिल्या. घड्याळजींना चहाही मिळाला नाही.

पिल्लं वाढली, तशी ओळखीपाळखीत गेली. तिघं गल्लीतल्या दंतवैद्याने नेली, पेशंटची भीती मोडावी म्हणून. बाकीची कुठे कुठे विखुरली. पाच जुने बेडूक बरीच वर्षं जगले आणि म्हातारे होऊन एकेक करत गेले. सासूबाई त्यांच्याही आधी गेल्या, तीन दिवसांच्या तापाने. सुनेच्या बदलीमुळे मुलगा-सून दुसऱ्या गावी राहायला गेली. दर रविवारी तिचा फोन येतो.

घड्याळजी आता ऐंशीचे आहेत. तोंडात स्वतःचा एकही दात उरलेला नाही, तरी आठवड्यातून एकदा ते स्वच्छ शर्ट घालून दंतवैद्याकडे जातात. नाव नोंदवणारी मुलगी काही विचारत नाही, टाकीजवळची खुर्ची तेवढी मोकळी करून देते. आतल्या बेडकांची ही कितवी पिढी, ते डॉक्टरलाही सांगता येत नाही. घड्याळजी खिशातलं भिंग डोळ्याला लावतात आणि शांतपणे बसून राहतात. परवा एक बाई गालावर हात धरून शेजारी बसली होती. टाकीतून शीळ आली तशी ती दचकली.

"पाखरू आहे का हो आत?"

"बेडूक आहे," घड्याळजी म्हणाले. "आमच्या सुनेच्या माहेरचा."